औषध देणारा शेवटचा हात

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या शरीरात औषध जाण्याआधी ते चार टप्पे ओलांडते. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात, परिचारिका ट्रीटमेंट बुकात उतरवून घेते, औषधालयातून ते काढून दिले जाते आणि अखेर परिचारिकाच ते रुग्णाला देते. चूक चारही ठिकाणी होऊ शकते, पण चौथ्या ठिकाणच्या चुकीची जात वेगळी. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मोठ्या रुग्णालयांत केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. औषधांमुळे झालेल्या, टाळता आल्या असत्या अशा इजांच्या मुळाशी असलेल्या चुकांपैकी ५६ टक्के औषध लिहिताना झाल्या होत्या आणि ३४ टक्के ते देताना. लिहिताना झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के वाटेत कुणाच्या ना कुणाच्या लक्षात आल्या. देताना झालेली एकही चूक कुणी अडवू शकले नाही.

यात गूढ काही नाही. डॉक्टरांनी मात्रा जास्त लिहिली तर फार्मासिस्ट विचारतो, सिस्टर फोन करते. सिस्टरने चुकीची सिरिंज टोचली तर तिच्या मागे तपासायला कुणी उभे नसते. हाती उरते ते एवढेच, की औषध दिल्यानंतर रुग्णाकडे लक्ष ठेवायचे आणि बिघाड वेळेत ओळखायचा. म्हणून औषध देणे आणि त्यानंतरची देखरेख ही नर्सिंगमध्ये एकाच कामाची दोन टोके मानली जातात. वॉर्डात पहिल्या टोकाला सही लागते. दुसरे बऱ्याचदा ताप, नाडी आणि श्वासाच्या टीपीआर चार्टवरच्या चार आकड्यांत भागवले जाते.

पहिल्या टोकासाठी एक पाठ आहे आणि तो जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षातली मुलगीही झोपेत म्हणून दाखवते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे या पाचांत योग्य नोंद आली, औषध देण्यामागचे योग्य कारण आले, रुग्णाचा नकार देण्याचा हक्क आला. कुठे सात झाले, कुठे दहा. यादी लांबली म्हणून काम सोपे झाले असे काही दिसत नाही. ही यादी कुठे पोहोचायचे ते सांगते. तिथवरची वाट वॉर्डाच्या मांडणीत, कपाटातल्या खणांत आणि माणसांच्या संख्येत असते, आणि ती एकट्या सिस्टरने बांधायची नसते.

योग्य रुग्ण ओळखणे सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात शासकीय रुग्णालयाच्या भरलेल्या मेडिसिन वॉर्डात खाटांइतकेच रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असतात आणि त्या गाद्यांना क्रमांक नसतो. सकाळच्या राऊंडनंतर बारा नंबरचा रुग्ण खिडकीजवळ हलवला जातो, त्याच्या जागी रात्री दाखल झालेला येतो, ट्रीटमेंट बुकात मात्र ‘बेड १२’ तसेच राहते. एकाच वॉर्डात दोन शांताबाई आणि तीन पाटील असणे महाराष्ट्रात नवलाचे नाही. त्यामुळे खाटेचा क्रमांक ओळख म्हणून धरायचा नाही. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, किंवा नाव आणि वय, अशा दोन खुणा जुळल्या पाहिजेत. विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘तुम्ही शांताबाई ना?’ असे विचारले की कमी ऐकू येणारी, तापाने ग्लानीत असलेली किंवा नुसतीच भिडस्त बाई मान हलवते. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हटले की तिला बोलावे लागते. बेशुद्ध रुग्णाच्या आणि बाळाच्या बाबतीत मनगटावरच्या पट्टीला पर्याय नाही. ती पट्टी सलाईन लावताना आड येते म्हणून कापून खाटेच्या दांडीला बांधणे, हे अजूनही अनेक ठिकाणी चालते.

योग्य औषधाची गोष्ट भारतात आणखी गुंतागुंतीची आहे. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत औषध आतल्या औषधालयातून येते. इतरत्र चिठ्ठी नातेवाइकाच्या हाती दिली जाते आणि तो समोरच्या मेडिकलमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधे घेऊन येतो. लिहिलेला ब्रँड नसला तर दुकानदार दुसरा देतो. पिशवी उशाशी लटकते, तिच्यात कालचे उरलेले इंजेक्शन, घरून आणलेल्या बीपीच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली एकत्र नांदतात. सिस्टरला त्यातून आजचे आठ वाजताचे औषध शोधायचे असते. लेबल तीनदा वाचावे, हा जुना नियम इथेच कामी येतो: पिशवीतून किंवा कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रुग्णाला देण्याआधी. तिसऱ्या वाचनापर्यंत रिकामी कुपी टाकून द्यायची नाही.

नावांचा गोंधळ न्यायालयापर्यंतही पोहोचलेला आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही दोन औषधे मेंदूज्वरी हिवतापावर चालणारी, पण त्यांतली द्रव्ये वेगळी, एकात आर्टेसुनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. दोन कॅडिला कंपन्यांमधला हा वाद २००१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की औषधांच्या नावांतील साम्य इतर मालापेक्षा अधिक कडक निकषाने तपासले पाहिजे, कारण इथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. जेनेरिक नावेही निर्दोष नाहीत. डोपामिन आणि डोब्युटामिन ही दोन्ही अतिदक्षता विभागात एकाच खणात सापडतात. अशा जोड्या वेगवेगळ्या खणांत ठेवणे आणि नावांतला वेगळा भाग लेबलवर ठळक छापणे हे दोन उपाय फुकटात होण्यासारखे आहेत.

मात्रेच्या चुका बहुतेक वेळा कागदावर जन्मतात. दशांश चिन्हानंतर उगाच लिहिलेले शून्य, म्हणजे १.०, घाईत १० वाचले जाते. आधीचे शून्य गाळून लिहिलेले .५ हे ५ होते. युनिटसाठी काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिटचे ४० होतात. मायक्रोग्रॅमची खूण मिलिग्रॅम वाटली तर फरक हजारपटींचा. बालरोग विभागात मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे दहापट चूक तिथे सर्वांत सहज होते आणि सर्वांत उशिरा कळते, कारण दहापट मात्राही एका छोट्या सिरिंजमध्ये मावते. मोठ्या माणसाला देण्यासाठी सात कुप्या फोडाव्या लागल्या तर सिस्टरचा हात आपोआप थांबतो, तसा इथे थांबत नाही. मेथोट्रेक्सेटचा प्रकार आणखी वेगळा आहे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. सवयीने ते ‘रोज एक’ असे उतरवले गेले तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, रक्तपेशी खाली जातात आणि रुग्ण दगावूही शकतो. डॉक्टरांनी औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ साली झाली. त्या ‘शक्यतो’ची कृपा कुठल्याही केसपेपरवर पाहता येते. रात्री फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवावी, आणि आकडा सुटा करून म्हणावा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, ‘वन फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह झीरो’ येत नाहीत.

या सगळ्या चुका एकत्र भेटण्याची जागा म्हणजे इन्सुलिन. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या आहेत. लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. सिरिंजवरच्या रेघा थेट युनिटमध्ये असतात, त्यामुळे जोडी बरोबर असेल तर गणित करावेच लागत नाही. जोडी चुकली की काय होते ते पाहा. वीस युनिट द्यायचे आहेत. शंभरच्या कुपीतून लाल टोपीच्या सिरिंजने विसाच्या रेघेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर आले, म्हणजे ५० युनिट. उलट चाळीसच्या कुपीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजने विसापर्यंत ओढले तर जातात फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत रुग्णाची साखर तासाभरात कोसळू शकते. दुसरीत ती तीन दिवस उतरत नाही आणि डॉक्टर मात्रा वाढवत राहतात. मग रुग्ण घरी जातो, तिथे त्याच्याकडे बरोबर सिरिंज असते आणि वाढवलेली मात्रा पूर्ण जाते. लाल आणि नारिंगी हे दोन रंग वॉर्डातल्या पिवळट बल्बखाली किती वेगळे दिसतात, याचा विचार टोप्यांचे रंग ठरवणाऱ्यांनी केला असावा असे वाटत नाही.

इन्सुलिनमध्ये योग्य वेळ घड्याळापेक्षा जेवणाच्या गाडीवर ठरते. साधे, लवकर उतरणारे मानवी इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचे असते. साडेसातला ते दिले आणि जेवणाची गाडी सव्वानऊला आली, तर पाचही ‘योग्य’ पाळूनसुद्धा साखर उतरते. म्हणून जुन्या सिस्टर ट्रॉली काढण्याआधी स्वयंपाकघरात विचारतात. नंतरच्या देखरेखीत साखरेचा आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याची वाट पाहायची नसते. घाम, हाताला कंप, एकाएकी चिडचिड, जिभेवर शब्द न येणे हे आधी दिसते. ‘आजोबा आज उगाच भांडतायत’ असे शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने सांगितले तर ती तक्रार नसून लक्षण असू शकते.

पोटॅशियम क्लोराइडचे प्रकरण याहून थोडक्यात संपणारे आहे, कारण त्यात दुसरी संधी नसते. दहा मिलिलिटरच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्ये १५ टक्के द्रावण म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. सलाईनमध्ये मिसळून तासन्‌तास हळूहळू द्यायचे हे औषध थेट शिरेत टोचले गेले तर हृदय थांबते. ॲम्प्यूल पाण्यासारखे पारदर्शक, आणि शेजारी ठेवलेले इंजेक्शनचे निर्जंतुक पाणीही तसेच. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने गंभीर घटनांविषयी इशारे काढायला १९९८ साली सुरुवात केली, तेव्हा पहिलाच इशारा याविषयी होता: तीव्र पोटॅशियम वॉर्डाच्या कपाटातून काढून टाका. जिथे ते काढता येत नाही तिथे वेगळा कुलूपबंद डबा आणि मोठे लाल लेबल, एवढे तरी हवे. आणखी एक बारकावा पुस्तकात एका ओळीत असतो, पण वॉर्डात त्यावर बरेच अवलंबून असते. लटकत्या सलाईनच्या बाटलीत पोटॅशियम टोचले की ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडापाशी साचते. बाटली काढून चार-पाच वेळा उलटीसुलटी केली नाही, तर पहिल्या काही मिनिटांत रुग्णाला जवळजवळ निव्वळ पोटॅशियम जाते. चार्टवर मात्र सगळे योग्य असते.

देखरेख म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने प्रसूती विभागात मॅग्नेशियम सल्फेट कसे देतात ते पाहावे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्या एक्लॅम्प्सियावर हे औषध. ते स्वस्त आणि जुने आहे. झटके येण्याआधीच ते दिले तर धोका ५८ टक्क्यांनी घटतो, हे ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने २००२ साली दाखवले. प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम, असे एकूण १४ ग्रॅम जातात. मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. एका ॲम्प्यूलमध्ये दोन मिलिलिटरला एकच ग्रॅम असतो. म्हणजे पहिल्या मात्रेला चौदा ॲम्प्यूल फोडायची, तीही झटके देणारी बाई समोर असताना, आणि त्यांतली चार पातळ करून शिरेत द्यायची तर दहा तशीच स्नायूत. घाईत उलटापालट व्हायला एवढे पुरे असते. उपकेंद्रातल्या एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेला, रुग्ण पुढे पाठवण्याआधी स्नायूतली १० ग्रॅमची पहिली मात्रा देण्याची मुभा सरकारी मार्गदर्शक सूचनांनी दिली, ती यामुळेच महत्त्वाची ठरली. वाटेतला झटका त्या मात्रेने टळतो.

पुढच्या प्रत्येक मात्रेआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली हातोडीने हलका ठोका मारून पाय उडतो का ते बघायचे. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, ते सोळाच्या खाली नसावेत. आणि लघवीच्या पिशवीत तासाला किमान ३० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत सव्वाशेच्या आसपास लघवी जमली आहे का ते पाहायचे, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. तिन्हींत शहाणपण आहे. रक्तात मॅग्नेशियम वाढू लागले की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, श्वास त्यानंतर मंदावतो आणि हृदय सर्वांत शेवटी थांबते. पाय उडेनासा झाला म्हणजे शरीराने वेळेत दिलेली सूचना आहे, अजून हातात वेळ आहे. पुढची मात्रा थांबवायची, डॉक्टरांना बोलवायचे आणि श्वास मंदावला असेल तर उशाशी भरून ठेवलेले कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचे दहा मिलिलिटर, शिरेतून सावकाश द्यायचे. प्रयोगशाळा नाही, मॉनिटर नाही, साधी रबरी हातोडी. ती सापडत नसेल तर हाताची कडही चालते. खाटेच्या कडेवरून पाय मोकळा सोडून, चादर बाजूला करून, ‘ताई, पाय सैल सोडा’ असे म्हणून ठोका मारायला अर्धे मिनिट लागते. हे अर्धे मिनिट न देता चार्टवर ‘रिफ्लेक्सेस प्रेझेंट’ असे लिहिणेही शक्य असते आणि तिथेच देखरेख कागदी होते.

प्रत्येक धोकादायक औषधाची अशी एक हातोडी असते. डिगॉक्सिन देण्याआधी हृदयाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे आणि साठच्या खाली असतील तर थांबून विचारायचे. मॉर्फिननंतर श्वासांच्या आकड्याआधी गुंगी बघायची, कारण श्वास मंदावण्यापूर्वी माणूस हाकेला उत्तर देईनासा होतो. ‘छान झोपलाय’ म्हणून त्याला तसाच सोडण्यात धोका आहे. हेपरिनवर असलेल्या रुग्णाच्या हिरड्या, लघवीचा रंग आणि टोचल्या जागा पाहायच्या. प्रतिजैविकाची पहिली मात्रा गेली की लगेच पुढच्या खाटेकडे वळायचे नाही. अंगावर पित्त उठणे, आवाज बसणे, छाती भरून येणे ही लक्षणे पहिल्या काही मिनिटांत दिसतात, आणि तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मोठ्या माणसाचा जीव वाचवते.

मार्ग आणि वेग हा कुपीवर बारीक अक्षरांत छापलेला विषय आहे. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये चालते, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. ॲम्फोटेरिसिन बी फक्त डेक्स्ट्रोजमध्ये चालते, सलाईनमध्ये बिघडते. व्हँकोमायसिनचा एक ग्रॅम तासाभराहून कमी वेळात गेला तर चेहरा-मान लालभडक होऊन रक्तदाब पडतो. पंप नसलेल्या वॉर्डात वेग थेंबांवर ठरतो. साध्या सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तेव्हा ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे तर मिनिटाला ४२ थेंब. सिस्टर घड्याळ धरून चाक फिरवते आणि निघून जाते. रुग्ण कूस बदलतो, व्हेनफ्लॉन वाकते, थेंब थांबतात. मग नातेवाईक ‘सलाईन चालत नाही’ म्हणून स्वतःच चाक मोकळे करतो. मार्गाच्या चुकांत सर्वांत भयंकर व्हिन्क्रिस्टिन. कर्करोगावरचे हे औषध शिरेतून देतात. ते पाठीच्या मणक्यातून गेले तर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. सिरिंजमधून औषध मणक्यात जाऊ शकते, सलाईनच्या छोट्या पिशवीतून ते कुणी मणक्यात देऊ जाणार नाही, एवढ्याच तर्काने जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ते पिशवीतूनच देण्याचा आग्रह धरला. माणसाला ‘सावध राहा’ सांगण्याऐवजी चूक करणेच अवघड करून ठेवण्याचा हा उत्तम नमुना.

वॉर्डात असे नमुने थोडे आणि व्यत्यय फार. सिडनीतील दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रूक आणि सहकाऱ्यांनी ९८ परिचारिकांना ४,२७१ वेळा औषध देताना पाहिले. निम्म्याहून अधिक वेळा कुणीतरी मध्ये बोलले होते, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक उपचारातल्या चुकांचे प्रमाण सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत होते. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सकाळी आठ ते दहा या वेळात ट्रॉलीमागे उभ्या असलेल्या सिस्टरला नातेवाईक डिस्चार्ज विचारतात, हाऊसमन रिपोर्ट मागतो, मावशी चादरी मोजून घ्या म्हणते आणि टेबलावरचा फोन वाजत असतो. काही देशांत औषध देणारी नर्स ‘व्यत्यय नको’ असे लिहिलेले जाकीट घालते. इथे ते जाकीट वाचायला कुणी थांबेल का, ही शंका रास्त आहे. तरी प्रयोग करून पाहायला खर्च फार नाही.

मग साधे गणित उरते. भारतीय नर्सिंग परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. समजा वॉर्डात चाळीस रुग्ण आहेत, एक सिस्टर आहे आणि सकाळी प्रत्येकाला तीन औषधे द्यायची आहेत. म्हणजे १२० मात्रा. नाव विचारणे, लेबल वाचणे, देणे, सही करणे यांसाठी प्रत्येक मात्रेला दोनच मिनिटे धरली, तरी चार तास लागतात. आठची गोळी शेवटच्या रुग्णाला बारा वाजता मिळेल. ही फेरी नऊला संपवायची असेल तर दोन मिनिटांच्या कामाला अर्धेच मिनिट द्यावे लागते, आणि वेळ वाचवण्याच्या रीती सर्वांना माहीत आहेत: सर्व सिरिंज एकदम भरून ट्रेमध्ये मांडणे, गोळ्या उशाशी ठेवून ‘जेवल्यावर घ्या’ सांगणे, सगळ्या सह्या आधीच करून टाकणे. यांतली प्रत्येक रीत नियमाबाहेरची आहे. अधिसेविकांच्या तपासणीत त्यांवर शेरे पडतात. रिक्त पदांवर शेरा मारण्याचा रकाना त्या फॉर्मवर नसतो.

यंत्राने यातले काही सुटते. कॅन्सस राज्यातील टोपिका येथे सू किनिक या परिचारिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाड्याची गाडी परत करताना कर्मचाऱ्याला हातातल्या यंत्राने गाडीवरची पट्टी वाचताना पाहिले. गाडी चुकत नाही तर रुग्ण का चुकावा, या विचारातून माजी सैनिकांच्या रुग्णालयांत बारकोड पद्धत सुरू झाली: आधी रुग्णाच्या मनगटावरचा, मग औषधावरचा कोड वाचायचा, जुळला तरच पुढे. पुढे बोस्टनमध्ये झालेल्या मोजणीत वेळेखेरीजच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. ती आकडेवारी २०१० ची. भारतातल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. बाकीच्यांसाठी दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे तपासणे हाच बारकोड. स्वतंत्रपणे म्हणजे पहिलीने उत्तर न सांगता. ‘हे वीस युनिट भरलंय, बघ गं’ असे म्हटले की दुसरीला वीसच दिसतात.

यंत्र असूनही चूक होते. अमेरिकेतील नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये एका पंचाहत्तर वर्षांच्या बाईला स्कॅनआधी भीती कमी करण्यासाठी मिडॅझोलाम द्यायचे होते. नर्सने औषधांच्या यंत्रकपाटात व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाकली, औषध दिसेना म्हणून सुरक्षेचा अडसर बाजूला सारला आणि हाती आलेले व्हेक्युरोनियम दिले. ते स्नायू लुळे पाडणारे औषध होते. त्याच्या झाकणावर तसा इशाराही होता. ते दिल्यावर रुग्णाजवळ कुणी थांबले नाही. बाई दगावली. नर्सने चूक लगेच कबूल केली होती. मार्च २०२२ मध्ये तिला मृत्यूस कारण ठरलेल्या गुन्हेगारी हलगर्जीबद्दल दोषी ठरवले गेले आणि तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. जगभरच्या परिचारिकांनी त्यावर विचारले, की कबूल करणाऱ्याला तुरुंग दिसणार असेल तर पुढची चूक कोण कळवील?

भारतातल्या परिचारिकेला हा प्रश्न अधिक टोचतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हलगर्जीने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचारादरम्यान तसे घडले तर कमाल शिक्षा दोन वर्षे. या व्यावसायिकाच्या व्याख्येत वैद्यक नोंदवहीतले डॉक्टर बसतात, परिचारिका बसत नाही. म्हणजे एकाच टेबलावर एकाच रुग्णाबाबत झालेल्या एकाच चुकीत, ऑर्डर लिहिणाऱ्यापेक्षा ती अमलात आणणाऱ्या सिस्टरची कमाल शिक्षा अडीचपट. कायदा करताना हे लक्षात आले नसेल तर ती उणीव आहे, आणि आले असेल तर अन्याय. चुका लपवल्या जातात त्यामागे हे एक मोठे कारण आहे, आणि लपलेल्या चुकीतून पुढची सिस्टर काहीच शिकत नाही.

कळवण्याची एक सुरक्षित वाट उपलब्ध आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून तो चालतो. त्याचा फॉर्म डॉक्टरांइतकाच परिचारिकेलाही भरता येतो, कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहते आणि कळवणे म्हणजे चुकीची कबुली धरली जात नाही. सामान्य माणसांसाठीचा सोपा फॉर्म मराठीतही आहे. रुग्णालयात कुणाला भेटायला जाल तेव्हा त्याच्या सर्व औषधांची, घरच्या गोळ्या धरून, आणि कशाची ॲलर्जी आहे त्याची यादी एका कागदावर लिहून केसपेपरला लावायला द्या, औषधांची ट्रॉली फिरत असताना सिस्टरला दुसरे काही विचारू नका, आणि औषध घेतल्यावर काही विपरीत वाटले तर आधी वॉर्डात सांगा. त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा फुकट फोन क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे; तो कामाच्या दिवशी चालू असतो आणि रुग्णाच्या नातेवाइकालाही लावता येतो.